चिकगु सफियांची भिंत

आम्ही सिंगापूरच्या यिशुन भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्या दिवशी बाबांनी दारात नारळ फोडला, आणि त्याचं पाणी वाहत वाहत शेजारच्या दाराखालून आत गेलं. चिकगु सफियांची आणि आमची ओळख अशी झाली.

बाबा मालवणकडचे. दहावी नापास झाल्यावर आधी आजोबांच्या होडीवर, मग लाँचवर, मग जहाजावर असं करत सिंगापूरच्या बंदरात टगवर लागले आणि पुढे त्या टगचे मास्टर, म्हणजे कप्तान, झाले. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ढकलणारी, ओढणारी छोटी पण दांडगी बोट. आई आणि मी मागून आलो. माझी तेव्हा गावातल्या शाळेत पाचवी झाली होती. आमच्याकडे नव्या जागेत पाऊल टाकायचं तर आधी तिथल्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. जागा त्याची, आपण नंतर आलेले, म्हणून त्याची परवानगी घ्यायची.

आई म्हणाली, "अवो, बाराव्या माळ्यार खयचो राखणदार? खाली अकरा घरां आसत लोकांची."

बाबा म्हणाले, "त्या सगळ्यांच्या खाली जमीनच आसा मां?" आणि हात जोडून त्यांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज आमी तुझ्या जाग्यात ऱ्हवाक ईलंव. काय चुकला-माकला तर पदरात घे आणि लेकराबाळांचा बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई आणि मी म्हणालो. मी जरा हळूच, कारण समोरच्या ब्लॉकमधले लोक बघत होते.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. बाटिकचा घोळदार झगा, केसांच्या अंबाड्यात खोचलेला रंगाचा ब्रश आणि नारळाच्या पाण्यात भिजलेली अनवाणी पावलं. अशा एक जाडजूड बाई बाहेर आल्या. त्यांनी मलयमध्ये विचारलं, "कोणाशी बोलताय?"

बाबांना बंदरावरची मोडकीतोडकी मलय येत होती. ते म्हणाले, "या जागेच्या मालकाशी."

"मग आधी दार वाजवायचं ना," बाई म्हणाल्या. "ती मीच."

बाबांना वाटलं फ्लॅट यांच्याच नावावर आहे आणि एजंटने आपल्याला फसवलं. ते पांढरे पडले. मग बाईंनी समजावून सांगितलं. आमच्या ब्लॉकमागे जो शांत, कठड्याचा जलाशय आहे ती पूर्वी खाडी होती. तिथे खारफुटीत होड्यांवर राहणारे लोक होते. त्यांचा जन्म होडीत, लग्न होडीत, स्वयंपाकही होडीतच. त्यांना ओरांग सेलेतार म्हणतात. बाईंची आजी त्यातली. "या ब्लॉकच्या जागी तिची होडी बांधलेली असायची. नक्की इथेच," त्यांनी आमच्या चपलांच्या स्टँडकडे बोट दाखवलं. "म्हणून पुढच्या वेळी मला विचारा. आणि पाणी तर माझ्या दारात आलंच आहे, खोबरं कुठे आहे?"

आईने दोन्ही हातांनी नारळाची वाटी पुढे केली. बाबा त्या दिवसापासून त्यांना मालकीणबाई म्हणू लागले, ते शेवटपर्यंत.

माझ्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माणसाबद्दल कसं लिहायचं हे विचारायला घरात कोणी नाही, त्यामुळे जसं आठवतं तसं लिहिते आहे. चिकगु म्हणजे मलयमध्ये शिक्षक. पुढे मी ज्या सेकंडरी शाळेत गेले तिथे त्या चित्रकला शिकवत, आणि अख्खी शाळा, अगदी मुख्याध्यापकसुद्धा, त्यांना नुसतं चिकगुच म्हणत.

त्यांचं एक लाल प्लॅस्टिकचं स्टूल होतं, ते त्या शाळेतही घेऊन जात. सरकारने दिलेल्या खुर्च्यांवर बसलं की कल्पना सुचत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्याकडची सगळी खोडरबरं वर्गात शिरतानाच त्या एका मायलोच्या डब्यात जमा करून घेत. "चूक पुसायची नाही. चुकीला काहीतरी काम द्या," त्या म्हणत. एकदा माझ्या चित्रातल्या मांजराला पाचवा पाय आला. मी रडकुंडीला आले. त्यांनी मागून वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मागे दुसरं मांजर लपलंय. त्याचं शेपूट काढ." ते चित्र नंतर स्टाफरूमच्या दारावर लागलं होतं.

आणि त्या सगळ्याची परवानगी मागत. गवतातून जाताना, जुन्या झाडाखालून जाताना, रिकाम्या लिफ्टमध्ये शिरतानासुद्धा हळूच म्हणत, "तुम्पांग लालू." म्हणजे, जाऊ द्या हं जरा. लिफ्टमध्ये कोण आहे, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "असलं कोणी तर? विचारायला पैसे पडतात का?"

मात्र आजीच्या जागेचा हक्क सांगायला त्यांना काहीच वाटत नसे. आमच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, फिशबॉल नूडल्सचा एक स्टॉल आहे. तिथले अंकल रागीट. चिकगु दर वेळी त्यांना सांगत, "अंकल, तुमचा स्टॉल माझ्या आजीच्या नांगराच्या जागेवर आहे. दोन फिशबॉल जास्त घाला."

अंकल वर न बघता, वाक्याच्या शेवटी इथला तो 'ला' जोडून म्हणत, "मग आजीला सांग भाडं भरायला, ला."

"आजी वारली."

"मग थकबाकी तू भर."

आणि दोन फिशबॉल जास्त घालत. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यात कोण कधी हसणार हेही मला पाठ होतं. बाबांनी एकदा हिशोब काढला होता की मालकीणबाईंची आजी एकाच वेळी आमच्या ब्लॉकखाली, हॉकर सेंटरखाली, बस इंटरचेंजखाली आणि दवाखान्याखाली होडी बांधत होती. चिकगु म्हणाल्या, "होडी होती ती. हलत होती."

भिंतीचं प्रकरण सुरू झालं ते मी सेकंडरी फोरमध्ये, म्हणजे आपल्या दहावीत, असताना. ते चिकगुंचं निवृत्तीचं वर्ष होतं.

आमचे व्हाइस प्रिन्सिपल मिस्टर लिम अभ्यासदौऱ्यावर कॅनडाला जाऊन आले. तिथल्या एका शाळेच्या अंगणात त्यांनी एक उंच कोरलेला लाकडी खांब पाहिला होता. त्या जमिनीवर आधीपासून राहत असलेल्या लोकांतल्या कलाकारांनी तो उभारला होता. रोज सकाळी मुलं त्याच्यासमोर उभी राहून म्हणत की ही जमीन अमक्यांची आहे, आम्ही त्यांची आठवण ठेवतो. मिस्टर लिम अतिशय मनापासून भारावून परत आले. तसे ते भले गृहस्थ होते, फक्त घाई फार. पहिल्याच सोमवारी त्यांनी चिकगुंना बोलावून विचारलं, "तुमच्या लोकांचा खांब कसा असायचा?"

"होडी बांधायला एक असायचा," चिकगु म्हणाल्या. "काठीसारखा."

"कोरलेला?"

"नाही. ओला."

खांब रद्द झाला आणि कँटीनजवळची मोठी भिंत ठरली. चिकगुंनी तिच्यावर समुद्रलोकांचं चित्र काढायचं, खाली ऋण मान्य करणारी चार ओळींची पाटी, आणि ऑक्टोबरमध्ये बाहेरचे मोठे पाहुणे येऊन उद्घाटन करणार. त्यासाठी एक समिती नेमली गेली. समितीत मिस्टर लिम, गणिताच्या मिसेस पिल्ले, पीटीचे मिस्टर रहमान आणि संगीताच्या मिस परेरा. म्हणजे एक चिनी, एक भारतीय, एक मलय आणि एक 'इतर', हे इथले चार सरकारी वंश. सिंगापूरमध्ये समिती अशीच होते, आणि कोणी तशी ठरवली असंही नसतं.

रोज संध्याकाळी चिकगु कॉरिडॉरमध्ये स्टूल टाकून बसत आणि समितीची बैठक चारही आवाजांत आम्हाला करून दाखवत. आईला इंग्रजी फारसं कळत नसे, तरी ती मासे निवडता निवडता पोट धरून हसत असे.

एके दिवशी मात्र चिकगुंनी नक्कल केली नाही. त्या म्हणाल्या, "होडीत चार वंश हवेत म्हणे."

"कसल्या होडीत?" बाबांनी विचारलं.

"माझ्या आजीच्या! शाळेतल्या प्रत्येक चित्रात चारही वंश दिसले पाहिजेत. आजवर तसंच झालंय. अग्निशमनाच्या पोस्टरवर चार, दात घासायच्या पोस्टरवर चार. मग होडीत का नाही? मी म्हटलं, तेव्हा तिथे नव्हते हो हे लोक. मिस परेरा म्हणाल्या, इतर म्हणून कोणीतरी असेलच ना? मिस्टर लिम म्हणाले, कोणाला वगळल्यासारखं वाटायला नको."

"मग काढलंत काय तुम्ही?"

चिकगुंनी गुंडाळी उलगडली. खारफुटी, मावळता उजेड, चटईच्या छपराची होडी. होडीत तरुणपणची आजी, तिचं कुटुंब, त्यात एक लहान मुलगी, चूल, एक कुत्रा आणि शाळेच्या गणवेशासारखे कपडे घातलेली चार हसरी मुलं. दात घासायच्या पोस्टरवरून थेट उतरलेली.

"आता हे माक लाँगला दाखवायचं," चिकगु म्हणाल्या. "ती हो म्हणाली तरच भिंतीला हात लावीन."

माक लाँग म्हणजे त्यांची सगळ्यात थोरली मावशी. त्या खाडीत, होडीत जन्मलेल्यांपैकी कुटुंबात ती एकटीच उरली होती. खाडीला बांध पडला तेव्हा बाकीचे हळूहळू फ्लॅटमध्ये आले आणि माक लाँग पलीकडे मलेशियात, जोहोरच्या किनाऱ्यावर नातेवाइकांकडे गेली. नंतर ती फारशी इकडे आलीच नाही. म्हणायची, पूर्वी मी न्याहारीच्या आधी पलीकडे जाऊन यायचे, आता मला विचारतात की कशासाठी आलात. चित्रातल्या होडीतली ती लहान मुलगी म्हणजे माक लाँगच.

"तिच्या आईचं तोंड मी भिंतीवर काढणार," चिकगु बाबांना म्हणाल्या. "आजवर त्या होडीतल्या लोकांचं जे काही कोणी घेतलं ते न विचारता घेतलं. आता मीही न विचारता घेतलं, तर मग मी त्या घेणाऱ्यांतलीच की."

बाबांनी मान डोलावली. हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

रविवारी आम्ही तिघं कॉजवे, म्हणजे मलेशियाला जोडणारा समुद्रावरचा रस्ता, ओलांडून गेलो. बाबा हौसेने आले आणि मला त्यांच्यासोबत जावं लागलं. माक लाँगचं घर पाण्यावर खांबांवर उभं होतं, आणि खाली कालवं पिकवायचे दोर लोंबत होते. ती स्वतः सुकलेल्या बोंबलासारखी, पण नजर अशी की पीटीचा मास्तर बरा. साठीला आलेल्या चिकगु तिच्यासमोर शाळकरी पोरीसारख्या बसल्या.

"आणखी जाडी झालीस," माक लाँग म्हणाली.

"नाही हो, झगा मोठा आहे."

"झगा कशाला मोठा झाला?"

मग चित्र उलगडलं. माक लाँगने ते नाकाशी धरून पाहिलं. कारण मोतीबिंदू. बोट एकेका तोंडावर फिरायला लागलं. "ही आई. हा बाप. ही मी. नाक माझं असं नव्हतं. हा कुत्रा." बोट थांबलं. "आणि हे कोण?"

"हा चिनी मुलगा, ही भारतीय मुलगी, हा..."

"माझ्या होडीत काय करतायत?"

"शाळेला हवेत."

"शाळेला हवेत तर शाळेत ठेवा. आत यायच्या आधी विचारलं होतं का यांनी?"

चिकगु झग्याची कड चापून बसवायला लागल्या.

"होडीत आम्ही सात माणसं, एक कुत्रा आणि पेटलेली चूल. त्यात आणखी चार घेतले तर बुडेल ती," माक लाँगने चित्र परत दिलं. "यांना काढ, नाहीतर आम्हाला काढ. आणि बुडणाऱ्या होडीत माझ्या आईला बसवलंस तर याद राख."

सोमवारी त्यांनी समितीला सांगितलं, होडीतून चौघं बाहेर. समितीने सांगितलं, चौघं हवेतच. चिकगुंनी भिंतीसमोर स्टूल टाकलं आणि कोऱ्या भिंतीकडे बघत डबा खाल्ला. कोणी विचारलं, चित्र कुठे आहे, तर म्हणत, "हेच. पांढरा समुद्र." पण संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये त्यांनी बाबांना हळूच विचारलं, "नाही झालं, तर माझ्यानंतर कोण काढेल हो?" बाबांनी उगाच कठड्यावरचा गंज खरवडला.

मधल्या दिवसांत आमचा गणपती आला. बाबा कुठेही असोत, दीड दिवसाचा गणपती चुकत नाही. बंदरातले सगळे मालवणी, रत्नागिरीकर खलाशी घरात दाटीवाटीने उभे होते, झांजा वाजत होत्या, आणि चिकगु आपल्या दारात स्टुलावर बसून नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, खात होत्या. त्या मुसलमान, म्हणून त्यांच्यासाठी आई दर वर्षी वेगळ्या नेवऱ्या करी, देवापुढे न ठेवलेल्या. हे त्या दोघींनी कधी न बोलता ठरवलं होतं.

त्या वर्षी बाबांनी समितीलाही बोलावलं होतं. बाबांचा विश्वास होता की भांडणाऱ्या माणसांना एकदा जेवायला घातलं की निम्मं भांडण मिटतं. समितीचे चौघं नेमके आरती ऐन रंगात असताना आले. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. दुपारच्या सरीची झड कॉरिडॉरमध्ये येऊन पाणी साचलं होतं. दारासमोर चपलांचा एवढा ढीग होता की आपले बूट कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. आईने आतून हात वर करून दाखवला, थांबा. ते थांबले. मिस्टर लिम, मिसेस पिल्ले, मिस्टर रहमान आणि मिस परेरा असे ओळीने, घोट्यापर्यंत दुमडलेल्या पँटी, वर धरलेली साडी, हातात आपापले बूट, आणि चेहऱ्यावर तो परक्या घराच्या दारातला अवघडलेला, भला भाव. आत यावं की नाही, विचारायचं तर कोणाला, काहीच कळत नाही असा.

मी चिकगुंच्या दाराशी उभी होते, तर शेजारून एक आवाज आला. आधी मला वाटलं चिकगुंना ठसका लागला. मग त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की आतली झांज थांबली. हसता हसता त्यांनी अंबाड्यातला ब्रश उपसला, नेवऱ्यांच्या पुठ्ठ्याच्या डब्याचं झाकण काढलं आणि घरात पळाल्या. आरती संपेपर्यंत त्या झाकणावर चित्र तयार होतं. होडी तीच, माणसं तीच, होडीत परकं कोणी नाही. पण काठाजवळ, उथळ पाण्यात, चार माणसं ओळीने उभी. हातात बूट, कपडे वर खोचलेले, तोंडं किंचित उघडी. विचारतायत, येऊ का?

आईने त्या चौघांना आत घेऊन पानावर बसवलं. तिथेच चिकगुंनी झाकण पुढे केलं.

मिस्टर लिमनी झाकण जवळ ओढून बोटाने माणसं मोजली. "चारही वंश आहेत," ते खुशीत म्हणाले. "आणि अगदी पुढे आहेत. छान! आणि विचारतायत, ही कल्पनासुद्धा... पण हा पहिला माणूस कोण हो? कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो."

मिसेस पिल्ले शांतपणे वरणभात कालवत म्हणाल्या, "लिम, ते पोट तुमचं आहे."

झाकणाला मंजुरी मिळाली. चिकगुंनी माक लाँगला फोनवर सगळं वर्णन करून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "भिंतीवर बघीन, तेव्हा सांगीन." झालं. भिंत बघायची म्हणजे माक लाँगने स्वतः इकडे यायला हवं.

चिकगु रंगवायला लागल्या. पण भिंतीखाली त्यांनी पांढऱ्या रंगाची एक बादली आणून ठेवली आणि समितीला सांगितलं, "ती नको म्हणाली, तर ही सगळी भिंतीवर."

"पण पाहुणे!" मिस्टर लिम म्हणाले.

"पाहुण्यांना पांढरा समुद्र दाखवू."

त्यानंतर मिस्टर लिम रोज सकाळी राष्ट्रगीताच्या आधी कँटीनकडे एक चक्कर टाकत. चित्र किती झालं हे त्यांना बघायचं नसे. बादलीचं झाकण बंद आहे ना, एवढं बघून ते परत जात. एकदा त्यांनी पाटीचा मजकूर आणला. या किनाऱ्यावर आधीपासून असलेल्या लोकांचं ऋण आम्ही आदरपूर्वक मान्य करतो, वगैरे. चिकगुंनी तो नीट वाचला. "चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "चित्रातले चौघंही तेच म्हणतायत. पण लावा पाटी, भिंतीला तिथे खड्डा आहे."

पाहुणे सोमवारी येणार होते आणि माक लाँग शनिवारी आली. किती वर्षांनी कोणास ठाऊक. भाच्याने व्हीलचेअर ढकलत आणली. इमिग्रेशनवर अधिकाऱ्याने विचारलं होतं, कशासाठी येताय? ती म्हणाली होती, माझी होडी बघायला. पुढचं सगळं भाच्याला निस्तरावं लागलं.

कँटीनमध्ये आम्ही मोजकेच होतो. बाबा नारळ घेऊन आले होते, पण फोडायचा की नाही हे न कळून पिशवीतच धरून बसले होते. मिस्टर लिम घामाने डबडबले होते. चिकगुंनी बादलीचं झाकण उघडलं आणि ब्रश हातात घेऊन उभ्या राहिल्या.

माक लाँग खुर्चीतून उठली, भिंतीला नाक लावून चालू लागली. "आई," ती म्हणाली. तिने त्या तोंडावर तळवा टेकवला. मग पुढे. "नाक आता बरंय." मग कुत्र्याजवळ. "याचं नाव काय होतं गं?" चिकगुंना माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. मग ती काठाशी, चौघांजवळ आली.

"हे होडीत नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत."

"काय करतायत?"

"विचारतायत."

"कधीपासून उभे आहेत?"

चिकगुंनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "गणपतीपासून."

माक लाँगने मिस्टर लिमच्या रंगवलेल्या घोट्यांवर बोट टेकवलं. मग वळून खऱ्या मिस्टर लिमकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत. ते नकळत सरळ उभे राहिले.

"भरती येईल आता," माक लाँग म्हणाली. "घे त्यांना आत."

"काय?" चिकगु ओरडल्या. "तूच म्हणालीस होडी बुडेल!"

"विचारलंय ना त्यांनी? मग असं पाण्यात उभं ठेवतात का माणसांना?" ती पुन्हा खुर्चीत बसली. "जरा सरकून बसू."

चिकगु स्टुलावर मट्कन बसल्या. बादलीचं झाकण मिस्टर लिमनी स्वतः लावलं, वरून दोनदा बुक्की मारून. बाबांनी नारळ फोडला.

सोमवारी पाहुणे आले तेव्हा चौघंही पाण्यातच होते, कारण रंगवायला वेळ कुठे होता? मिस्टर लिमनी पाहुण्यांना सांगितलं की चित्र अजून चालू आहे. पाहुणे म्हणाले, फार अर्थपूर्ण. मग उरलेल्या सत्रात चिकगु एकेकाला होडीत घेत गेल्या. आधी मिस परेरा, मग मिस्टर रहमान, मग मिसेस पिल्ले, साडीचा काठ ओला. मुलं सकाळी येऊन बघत, आज कोण आत? मिस्टर लिम मात्र काठावरच होते. त्यांनी कधी विषय काढला नाही, पण कँटीनवरून जाताना त्यांची चाल हळू होई.

डिसेंबरच्या सुट्टीत, चिकगुंच्या कामाच्या शेवटच्या दिवशी, मी आईने दिलेला डबा घेऊन शाळेत गेले. पुढच्याच आठवड्यात त्या माक लाँगची काळजी घ्यायला कायमच्या पलीकडे जाणार होत्या. शाळा ओस पडलेली. कँटीनच्या एका बाकावर मिस्टर लिम उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही हातांत बूट, आणि एक पाय हवेत. शिडीवरून चिकगु ओरडत होत्या, "वर! अजून वर! होडीची कड आहे ती, फूटपाथ नाही!"

"जमेल तितकं करतोय, ला!"

"एवढे दिवस थांबलात, आता पाच मिनिटं थांबवत नाही?"

त्यांनी दोन फटकारे मारले, मान वाकडी करून पाहिलं आणि शिडीवरून उतरल्या. माझ्या हातातला डबा घेतला, स्टूल काखोटीला मारलं. "हलू नका," त्या मिस्टर लिमना म्हणाल्या. "मी चहा पिऊन येते." आणि अंगणाच्या पलीकडे निघून गेल्या.

मिस्टर लिमचा पाय हवेत थरथरायला लागला. त्यांनी खालच्या आवाजात मला विचारलं, "खाली ठेवला तर चालेल का?"

मी भिंतीकडे पाहिलं. होडीतली माणसं एका बाजूला सरकून बसली होती. मध्ये एका माणसापुरती जागा होती.

"चिकगुंना विचारावं लागेल, सर," मी म्हणाले.

त्यांनी हाक मारली. अंगणाच्या टोकाला चिकगु स्टुलावर आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या, मांडीवर डबा उघडा. त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांचे खांदे मात्र हसण्याने गदागदा हलत होते.